टाकीतला दुसरा पाइप

अप्पा, परवा तुमचा दुसरा सकर गेला. पहिला तुमच्या देखत गेला, हा माझ्या. तुम्हाला जाऊनही बारा वर्षं होत आली. सकाळी माशांच्या टाकीतला दिवा लावला तर तळाशी उलटा पडलेला, पोट वर. दीड वीत लांबीचा, काटेरी अंगाचा मासा, पण हातात घेतला तेव्हा अगदी हलका लागला. मानवतच्या आमच्या घरामागं सीताफळाचं झाड आहे, त्याच्या बुडाशी पुरला. जावई तुमचे म्हणाले, आता टाकी काढून टाकू, बैठकीत जागा तरी होईल. त्यांचं चुकलं नाही. रिकामी टाकी ठेवून मी काय करणार? म्हणून काल पाणी काढलं, वाळू धुतली आणि शेवटी मासे लपायचे ते दोन पाइप बाहेर काढून ओसरीवर वाळत ठेवले. त्यांच्याकडं बघवेना, म्हणून हे लिहायला बसलेय.

परभणीच्या घरी टाकी आली तेव्हा दुकानदारानं तुम्हाला सांगितलं होतं की हा मासा काच चाटून घाण खातो, त्याला काही घालायची गरज नाही. सगळं गाव तेच समजतं. ज्याच्या त्याच्या टाकीत सकर पोट खपाटीला जाऊन मरतो आणि लोक म्हणतात, पाणी मानवलं नाही. तुम्ही दोन आठवडे त्याच्याकडं बघितलं आणि आईला म्हणालात, “घाण खाऊन कोण जगतंय? त्यालाबी जेवण लागतंच की.” मग रोज रात्रीच्या जेवणानंतर काकडीची चकती, बुडावी म्हणून स्टीलच्या चमच्याला टोचलेली. आई चिडवायची, “घरात माणसांना कोशिंबीर न्हाई आन् माशाला ताजी काकडी.” तुम्ही हसत नव्हतात, पण दुसऱ्या दिवशी दोन काकड्या आणायचात. विद्यापीठातल्या कारकुनीत तुम्ही कुणावर फार माया केल्याचं मला कधी ऐकू आलं नाही. आमच्यावरही बेतानंच केलीत. जी काय होती ती मला त्या चमच्यावर दिसायची, आणि खरं सांगते, मला राग यायचा.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तुमच्या एका सहकाऱ्याची बदली झाली आणि त्यांचा मोठा सकर आपल्याकडं आला. पहिल्याच दिवशी दोघं लपायच्या एकुलत्या पाइपासाठी भिडले. नवा आत घुसायला बघायचा आणि आपला आधीचा, थोरला, गालावरचे काटे फुलवून त्याला रेटायचा. तो सगळा रविवार तुम्ही स्टूल घेऊन टाकीसमोर बसून होतात. मग बोअरच्या कामातून उरलेल्या पाइपाचा दुसरा तुकडा कापून आणलात, दोन तुकडे टाकीच्या दोन टोकांना ठेवलेत, तोंडं एकमेकांच्या उलट दिशेला करून, आणि मधे लाकडाचा ओंडका. म्हणालात, “दोघंबी मोठे हाईत. ज्याचं त्याला घर पाहिजे, आन् एकाला दुसऱ्याचं तोंड दिसलं न्हाई पाहिजे.” पुढं एकदा टाकी धुताना मी एक पाइप उलट्या तोंडानं ठेवला तेव्हा तुम्ही मला आईसमोर बोललात. “तुझ्या खोलीचं दार कुणी काढून नेलं तर झोपशील का?” मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

मला बघायला पाहुणे येणार होते तो दिवस तुम्हाला आठवत असेल. तुम्ही आदल्या संध्याकाळी टाकीचं पाणी बदललंत, घाईघाईत, क्लोरिन उडायला बादलीत न ठेवता नळाचं तसंच ओतलंत. सकाळी रिक्षा करून पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेलात. बैठकीत मी एकटीच होते. शेवाळलेला पाइप काचेतून गटारीसारखा दिसत होता. पाहुण्यांच्या बसायच्या जागेवरून ओंडक्यामागचा झाकला जात होता, पुढचा नाही. थोरल्याचा होता तो. मी बाही वर केली, पाइप आडवा हलवून त्याला बाहेर काढलं आणि पाइप न्हाणीत नेऊन बादलीमागं ठेवला. टाकी एकदम देखणी दिसायला लागली. मला वाटलं, दोन तासांचा तर प्रश्न आहे.

पाहुणे गेले, तुम्ही त्यांना सोडायला गेलात, आणि टाकीजवळ गेल्यावर मला कळलं काय झालंय ते. थोरल्याचे पर फाटले होते. मी पाइप जागेवर ठेवला, तो धडपडत आत शिरला, आणि मी ओला हात ओढणीला पुसला. तो दोन दिवस बाहेर आला नाही, काकडीलाही नाही. तिसऱ्या दिवशी गेला. तुम्ही विचारलंत, “तू टाकीत हात घातला होतास का?” मी म्हणाले, “न्हाई, अप्पा.” फाटलेले पर बघून तुम्ही म्हणालात, मेल्यावर दुसऱ्यानं कुरतडलं असेल. आणि मग सगळं स्वतःवर घेतलंत. नळाचं पाणी तसंच ओतलं, घाई केली, माझ्याच हातानं गेला, असं म्हणत राहिलात. तुम्ही पुन्हा टाकीला हात लावला नाहीत. काकडी आई कापायची, चमचा मी सोडायचे. कुणी विचारलं तर सांगायचात, “माझ्या हाताला आता यश न्हाई.” त्या पाहुण्यांचा नकार आठच दिवसांत आला होता. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. दवाखान्यात शेवटच्या दिवशीसुद्धा आईला विचारलंत, पाणी बादलीत ठेवून मगच ओतता ना.

माझं लग्न झाल्यावर टाकी मी इकडं आणली. दोन्ही पाइप ठेवले, मासा एकच असून. मला वाटायचं हा थोरल्याच्या पाइपात कधी जाणार नाही. तो आठवड्यात जाऊन बसला. माशाला कशाचं काही नसतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, टाकीखालच्या खणात राहील, आणि टाकी गेली की तेही जाईल. पण वर लिहिलेलं आत्ता पुन्हा वाचलं. पाहुणे गेल्यावर मला कळलं, असं लिहून बसलेय. तसं नव्हतं, अप्पा. मी पोह्यांचा ट्रे घेऊन आले तेव्हाच ते दोघं एकमेकांवर चढलेले दिसत होते. थोरल्याच्या गालाजवळचं कातडं निघून पांढरं झालं होतं. पाहुण्यांना मासे दिसावेत म्हणून तुम्ही तुमची खुर्ची टाकीकडं पाठ करून ठेवली होती. मुलाची आत्या हसून म्हणाली, “बगा तरी, कसे खेळायलेत.” तुम्ही वळून बघणार होतात, मान अर्धी वळलीही होती. मी पोह्यांची बशी तुमच्या हातात दिली आणि म्हणाले, “हो, रोजच खेळतात.”