आनिएल्लोचे चित्र उलटे टांगण्याबाबत

मी, कार्मोसीना, चामडे कमावणाऱ्या कै. आनिएल्लोची विधवा, राहणार नेपल्स, गुडघे सोडून सर्व शाबूत, डोके तर फारच शाबूत, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता हे मृत्युपत्र सांगते आणि नोटरी ते लिहितो.

१. घर व कातडी खरवडायचे सुरे भाची प्रुदेन्त्सिया हिला. तिला वास चालतो.

२. भिंतीवरचे मोठे तैलचित्र. ते एका उमरावासाठी काढले होते. त्याच्या बायकोला पाहताच भोवळ आली, म्हणून ते आमच्या गळ्यात पडले. ग्रीकांचा देव अपोलो वादनाच्या पैजेत हरलेल्या, अर्ध्या बोकडाच्या मार्सियासची जिवंतपणी कातडी सोलतो, असा विषय. अपोलो म्हणून चित्रकारासमोर धाकटा दीर ओरात्सियो बसला. मार्सियास म्हणून माझा नवरा, पायाला दोर बांधून उलटा टांगलेला.

आमच्या बोळाला ग्रीक देव ठाऊक नाहीत. सोललेला माणूस म्हणजे चामडेवाल्यांचा संत बार्तोलोमेओ, एवढेच कळते. बायका मेणबत्त्या लावू लागल्या. मार्सियासचे बोकडाचे पाय म्हणजे संताची चामडी विजार, असे ठरले. सुरीवाला ओरात्सियो मारेकरी ठरला. तो दिसला की बायका थुंकतात.

“वहिनी, अगं सांग की त्यांना! मी देव आहे त्यात!”

“सांगितलं. म्हणाल्या, देव असता तर प्लेगात पळाला नसता.”

भावाला ताप आला कळताच हा सासुरवाडीला गेला, हे खरे आहे. आनिएल्लो प्लेगात मेलेल्या सगळ्यांबरोबर एकाच खड्ड्यात पुरला गेला. त्याला थडगे नाही. त्याचा चेहरा आता या चित्रातच आहे. मला त्याची फार आठवण येते, हेही लिहावे.

३. ओरात्सियो चित्र कापून आपली बाजू जाळायची म्हणतो. पण त्याचा हात भावाच्या मांडीवर आहे. कापले तर दोघेही जातील. सबब माझ्यामागे चित्र चामडेवाल्यांच्या देवळाला द्यावे. कोणी त्याला सुरी लावल्यास ते बोळातल्या बायकांचे होईल. मग ओरात्सियोने त्यांच्याशी बोलून घ्यावे.

४. आनिएल्लो टांगलेला असताना ओरात्सियो त्याच्या तळपायाला गुदगुल्या करत होता. आनिएल्लो हसत होता. चित्रकाराने दिसले ते काढले. उलट्या तोंडावरचे हसू लोकांना किंकाळी वाटते. माझा शेवट जवळ आला की चित्र उलटे करून माझ्यासमोर टांगावे, म्हणजे आनिएल्लो सुलटा होईल. तो हसताना बघत मला जायचे आहे. त्यात ओरात्सियोचे डोके खाली, पाय वर होतील. त्याला इलाज नाही.

नेपल्स, संत बार्तोलोमेओचा सण, २४ ऑगस्ट १६६१.

कार्मोसीना, तिची फुली.

साक्षीदार: तिबेरिओ, मेणबत्तीवाला. संत असो वा मार्सियास, हरकत नाही.

साक्षीदार: ओरात्सियो, दीर. वाचून दाखवले, ऐकले. खुंटी मी ठोकीन.