सरकलेल्या तारखा

सर,

गेल्या आठवड्यात मी एका बाईंवर तुमच्या शब्दांत रागावले. त्या नागपूरहून कॉलवर होत्या, मी शिरगावातल्या माझ्या फ्लॅटमध्ये. आता ऑफिस असं राहिलेलंच नाही. जो तो आपल्या घरून काम करतो, आणि दिवसभर ज्यांच्याशी बोलते त्यांतल्या एकालाही मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. काम मात्र तेच आहे. बदलत्या व्याजाच्या कर्जाचा दर ज्या ज्या दिवशी नव्याने ठरतो, त्या रीसेटच्या तारखांची यादी काढणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एक छोटा भाग, लिहायचं. पहिली तारीख द्यायची, दर किती महिन्यांनी ते सांगायचं, सुट्ट्या जोडायच्या, की कर्ज फिटेपर्यंतच्या सगळ्या तारखा ओळीने खाली येतात. या बाईंनी मुलं मोठी झाल्यावर दहा वर्षांनी पुन्हा नोकरी धरली आहे. त्यांची यादी बघून मी म्हणाले, "मागच्या तारखेवरून पुढची काढू नका. दर वेळी मूळ तारखेपासून मोजा." बोलून झाल्यावर लक्षात आलं, आवाजसुद्धा तुमचाच लागला होता.

कॅम्प पाचमधल्या आपल्या ऑफिसच्या त्या दोन खोल्या तुम्हाला आठवत असतील. खाली फर्निचरचं दुकान, त्यामुळे आपल्या फायलींनाही पॉलिशचा वास. मी तेव्हा चोवीस वर्षांची. तुम्ही बँकेतून निवृत्त झालेले, हेंद्रेपाड्याहून रोज येणारे, आणि शेठनी तुम्हाला माझं काम तपासायला ठेवलेलं. कॉम्प्युटरने काढलेल्या तारखा एक म्हातारा माणूस हाताने तपासणार, याचं मला हसू यायचं. तुम्ही टेबलावर तीन-चार वर्षांची कॅलेंडरं पसरता, लाल पेन्सिलीला टोक काढता आणि एकेका तारखेवर बोट ठेवत जाता. "एकतीस ऑगस्ट, तीस नोव्हेंबर, अठ्ठावीस फेब्रुवारी. इथवर बरोबर. मग अठ्ठावीस मे कशी? मे महिन्याचे तीन दिवस कुठे गेले?" मी म्हणते, "सर, सिस्टीमने काढलंय." तुम्ही चष्म्यावरून बघता. "आणि सिस्टीमला कोणी सांगितलं?" मग समजावता. फेब्रुवारी आखूड आहे म्हणून तेवढ्यापुरतं अठ्ठावीसला थांबायचं. तिथून पुढे मोजलं की महिनाअखेर कायमची हरवते. रविवारचंही तसंच. रविवार आला तर सोमवार घे, पण पुढची तारीख त्या सोमवारपासून मोजू नकोस, नाहीतर प्रत्येक सुट्टीला यादी एकेक दिवस पुढे सरकत जाईल.

महिनाअखेरीचं मी त्याच दिवशी दुरुस्त केलं. सुट्ट्यांसाठी बरंच पुन्हा लिहावं लागणार होतं आणि त्याच आठवड्यात सगळं एका गृहकर्ज कंपनीला द्यायचं होतं. तुम्ही विचारलंत, "सुट्ट्यांचं केलंस?" मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "केलं सर." इतक्या सहज म्हणाले की त्यावर माझाही विश्वास बसला असावा. तुम्ही यादीचं फक्त पहिलं पान पाहिलंत. पहिल्या पानावर तारखा फारशा सरकलेल्या नसतातच. बाकीची पानं न उघडता तुम्ही खाली सही केलीत. त्याआधी तुम्ही असं कधीच केलं नव्हतं. माझं काम आता न तपासताही चालेल असं तुम्हाला वाटायला लागलं होतं, आणि नेमकं त्याच दिवशी ते चालण्यासारखं नव्हतं.

तेव्हा दर उतरत होते. आपल्या यादीमुळे लोकांना उतरलेला दर उशिरा मिळत होता, दर वेळी आणखी थोडा उशिरा. कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी अंबरनाथच्या कारखान्यातला एक कर्जदार करारनामा आणि घरचं कॅलेंडर घेऊन त्या कंपनीत जाऊन बसला आणि उत्तर मिळेपर्यंत उठला नाही. दुसऱ्या दिवशी शेठ यादीचा गठ्ठा घेऊन आपल्या खोलीत आले. "साईं, ये क्या है? पार्टी हाथ से जाएगी! किसने किया?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही गठ्ठा हातात घेतलात, शेवटचं पान काढलंत, ते वाचलंत आणि म्हणालात, "शेठ, तपासणी माझी होती. सही माझीच आहे." शेठ म्हणाले, "लेकिन बनाया तो इसने ना?" तुम्ही म्हणालात, "तिने मला दिलं, मी पास केलं. माझ्याशी बोला." मी बोलू शकले असते. सुट्ट्यांचं केलंच नव्हतं आणि सरांना खोटं सांगितलं, एवढंच वाक्य होतं. बाबांचा कारखाना नुकताच बंद पडला होता, घरात माझाच पगार येत होता, हे खरं आहे. पण त्या क्षणी माझ्या मनात बाबा नव्हते, सर. मला फक्त भीती वाटत होती. पुढच्या महिन्यापासून तुमची खुर्ची रिकामी झाली आणि माझा पगार वाढला, कारण तपासणीही आता मीच करणार होते.

दोन महिन्यांनी मी हेंद्रेपाड्याला तुमच्याकडे आले, ते हे सांगायलाच. तुमच्या पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तुमच्या छोट्या स्वयंपाकघरात भांडी ओट्यावर एकटीदुकटी, एक ताट, एक वाटी. तुम्ही माझ्यासाठी पिठलं टाकलंत, गुठळ्या झाल्या म्हणून स्वतःवरच चिडलात. "बस ना गं, उभी काय राहतेस?" मी बसले. तुम्ही मला नव्या कामाबद्दल विचारलंत, लीप वर्षाचं कसं करतेस ते विचारलंत, आणि मी उत्तरं देत राहिले. त्या दिवसाचं नाव तुम्ही काढलं नाहीत. मीही काढलं नाही. निघताना तुम्ही तुमचा बँकेतला जुना स्टेपलर मला दिलात. "इथे गंजतोय नुसता," म्हणालात. वर्षभरात तुम्ही गेलात. मला कळलं तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं.

त्या नागपूरच्या बाई माझं बोलणं ऐकून म्हणाल्या, "मॅडम, चूक माझी आहे. मी आत्ताच क्लायंटला कळवते." आणि कळवलं. पाच मिनिटांत. क्लायंट काही फार रागावलाही नाही. कॉल बंद झाला. दुपारचे तीन वाजले होते, शेजारच्या बिल्डिंगमधून कुकरची शिट्टी येत होती, आणि हे ज्याला सांगावं असं माणूस माझ्या फोनमध्ये नव्हतं.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, तुमच्या घरात आता दुसरं कुणी राहतं. पण लिहायला बसलेच आहे तर एक सांगते. त्या पिठल्याच्या दिवशी मला सोडायला जिन्यापर्यंत येऊन तुम्ही म्हणाला होतात, "पुढच्या रविवारी ये, पिठलं नीट जमवतो." मी हो म्हटलं होतं. नंतर फोन करून सांगितलं, ऑफिसचं काम निघालंय, जमणार नाही. काही काम निघालं नव्हतं, सर. मी घरीच होते.