बस कोणासाठीही थांबणार नाही

२ फेब्रुवारी

आज निर्णय झाला. यंदा ऑफिसची सहल डोंगरातल्या दरीत न्यायची. नेणार कोण? मी.

मीटिंग दहाची होती. मी आत शिरलो तेव्हा नुकतीच सुरू होत होती. मी येईपर्यंत हे लोक काही सुरूच करत नाहीत. मॅनेजरसाहेब विचारत होते, सहलीची जबाबदारी कोण घेणार. मी हात वर केला. अकाउंटंट बाईंनी चष्मा काढून पुसला. मेकॅनिक लोकांतला आमचा 'ग्रीस' (हाताचं ग्रीस स्वतःच्या लग्नातही निघालं नव्हतं, म्हणून हे नाव) म्हणाला, म्हणजे वेळबीळ पण तुम्हीच ठरवणार? मी म्हणालो, सगळं मीच ठरवणार. साहेबांनी आधी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाले, बघा बुवा.

लोकांचा विश्वास असा एका दिवसात मिळत नाही.

३ फेब्रुवारी

घरी सांगितलं. बायकोला या दरीचं वेड आहे. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला तिने आतून एका जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवलंय. दोन डोंगर, मध्ये दरी आणि दरीत काठोकाठ ढग. कॅलेंडरचं वर्ष कधीच संपलं, पान तसंच आहे. साखरेचा डबा काढताना ही रोज ते बघते. सकाळी लवकर पोहोचलं तरच ढग असे पायाखाली दिसतात. ऊन चढलं की खेळ खलास.

लग्न झाल्यावर पहिल्यांदा आम्ही तिथेच निघालो होतो. बस वेळेआधी सुटली. दुसऱ्या खेपेला मेव्हण्याच्या गाडीतून गेलो, पण त्या दिवशी ढगच लवकर गेले. तिसऱ्या खेपेला माझा एक बूट सापडला नाही.

ही म्हणाली, खरंच नेणार? म्हटलं, नेणार म्हणजे नेणारच. हिने कपाट उघडून उगाचच साखरेचा डबा काढला, परत ठेवला. चहा तर झालेला होता. या खेपेला काहीही होवो, हिला ढग दाखवायचेच.

७ फेब्रुवारी

प्लॅनिंगला वेळ मिळत नाही. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तक्रारींचा फोन सांभाळणं म्हणजे काय असतं ते ज्याचं त्यालाच माहीत. आज एक गृहस्थ दोन मजल्यांच्या मध्ये अडकले होते आणि माझ्यावर ओरडत होते. मी माझ्या ठरलेल्या आवाजात सांगितलं, शांत उभे राहा, दारं ढकलू नका, माणूस निघालाय. माणूस म्हणजे ग्रीस. तो समोर बसून चहात बिस्किट बुडवत होता. पण अडकलेल्याला धीर द्यावा लागतो. हे वाक्य मीच बसवलंय. आता सगळं ऑफिस तेच वापरतं.

संध्याकाळी फोनवर ग्रुप काढला. नाव 'दरी मोहीम'. पहिला मेसेज माझा, चांगला लांबलचक. सगळ्यांनी अंगठे पाठवले. कोणी वाचला नसणार.

१९ फेब्रुवारी

या सहलीला धोका एकाच गोष्टीचा आहे: लोकांना वेळेचं भान नाही.

आज संध्याकाळी हिला चष्म्याच्या दुकानाबाहेर भेटायचं होतं. पोहोचलो तर उभी होती. विचारलं, बराच वेळ झाला का? म्हणाली, नाही, आत्ताच आले. कधीही बघा, ही आत्ताच आलेली असते. म्हणजे मी जरा लवकर गेलो असतो तर मलाच ताटकळावं लागलं असतं. वेळेच्या बाबतीत हे घर माझ्या एकट्याच्या जिवावर चाललंय.

चष्म्याचं दुकान बंद झालं होतं. हल्ली लोकांना धंदा करायचाच नसतो.

२७ फेब्रुवारी

बस ठरवायला गेलो. मोठी बस एक माणूस माझ्या जरा आधी येऊन बुक करून गेला होता. जरा म्हणजे अगदी जरा. मिळाली ती शाळेची बस. सीटवर बसून बघितलं, गुडघे हनुवटीला लागतात. पण ड्रायव्हर माझ्यासारखा आहे. म्हणाला, मी शाळेची पोरं नेतो, ठरल्या मिनिटाला गाडी हलवतो. त्याच्याशी हात मिळवला.

६ मार्च

नियम वाचून दाखवले. तारीख १२ एप्रिल, रविवार. बस ऑफिसच्या गेटवरून सकाळी सहाला. फोन बंद करून बॅगेत, कारण निसर्गात फोन म्हणजे अपमान आहे. आणि सगळ्यात मुख्य नियम: बस कोणासाठीही थांबणार नाही.

यावर अकाउंटंट बाईंनी विचारलं, कोणासाठीही म्हणजे अगदी कोणासाठीही? म्हटलं, साक्षात मॅनेजरसाहेबांसाठीसुद्धा नाही. साहेब म्हणाले, माझं सोडा हो. ग्रीस म्हणाला, परत एकदा विचार करा. हा ग्रीस स्वतः तक्रारीला नेहमी उशिरा पोहोचतो, त्याला भीती वाटणारच. मी मतदान घेतलं. सगळ्यांनी एकमेकांकडे बघत हात वर केले.

नेतृत्व म्हणजे दुसरं काय असतं?

१५ मार्च

आज रंगीत तालीम ठेवली होती. सगळ्यांनी सहाला गेटवर जमायचं, हजेरी द्यायची, घरी जायचं. मी गेलो तर गेटवर चिटपाखरू नाही! खास विकत घेतलेली शिट्टी वाजवायची तरी कोणासाठी? वॉचमन म्हणाला, सगळे आले होते, वाट बघितली आणि गेले. वॉचमनवर माझा काडीचा विश्वास नाही.

१६ मार्च

ऑफिसमध्ये सगळे एकसुरात म्हणतात आम्ही आलो होतो. संगनमत. पुराव्यादाखल ग्रीसने एक फोटो दाखवला. त्यात सगळे गेटसमोर उभे आहेत. मॅनेजरसाहेब लोकरी टोपीत. फोटोत मी नाही, यावरून काय सिद्ध होतं? मी तर फोटोंत कधीच नीट येत नाही.

मेव्हण्यालाही सहलीला बोलावलंय. हिच्या आग्रहाखातर. तालमीचं ऐकून तो फोनवर इतका हसला की त्याला ठसका लागला.

४ एप्रिल

पाठ धरली आहे. रोज लवकर उठायचा संकल्प केला होता, तो १ तारखेपासून सुरू करायचा होता. पण १ तारखेला सुरू केलेलं माझं काही टिकत नाही, हा अनुभव आहे. ५ पासून.

५ एप्रिल

पाठ.

११ एप्रिल, संध्याकाळ

उद्या सहल!

ही दुपारीच मेव्हण्याकडे गेली. सगळ्यांसाठी सँडविच करायचे आहेत, तिची वहिनी मदतीला आहे. सकाळी ही तिकडूनच परस्पर गेटवर येणार. जाताना दारात तीनदा उभी राहिली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाली, यात पावणेसहा झाले की हातात असेल ते टाकायचं आणि निघायचं. दुसरीकडे कुठे बघू नकोस, यातच बघ. म्हटलं, मला शिकवतेस? मोहिमेचा प्रमुख कोण? हिने माझ्या शर्टाची कॉलर नीट केली, म्हणाली, एवढी एक वेळ ये रे. आणि गेली.

संध्याकाळ मोकळी होती म्हणून घरातली कामं काढली. आणि काय सापडलं? ते भिंतीवरचं घड्याळ चांगलं पंचवीस मिनिटं पुढे! गजराचं घड्याळही पुढे! माझं मनगटावरचंसुद्धा! हिला घड्याळ लावता येत नाही हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात कसं आलं नाही? अशा घरात माणसाला शिस्त लागणार कशी? तालमीच्या गोंधळाचं मूळ इथेच असणार. स्टुलावर चढून, फोनमध्ये बघून तिन्ही घड्याळं काट्याला काटा लावली. हिला सांगितलं नाही. उद्या सरप्राइज.

फोन नियमाप्रमाणे आत्ताच बंद करून बॅगेत टाकला.

१२ एप्रिल, सकाळ

उठलो! गजर झाला आणि मी उठलो. म्हणजे पहिल्यांदा बंद केला, पण ते विचार करण्यासाठी. भिंतीवरच्या घड्याळात पावणेसहा झाले तेव्हा मी दारात, पायात दोन्ही बूट. हिने बघायला हवं होतं.

मग गॅस बंद आहे ना, म्हणून परत गेलो. बंद होता. जिन्यातून शिट्टीसाठी परत गेलो. शिट्टी खिशातच होती. कोपऱ्यावरून टोपीसाठी परत गेलो, कारण प्रमुखाला टोपी हवी. एवढंच.

त्याच दिवशी, गेटवर

पोहोचलो. कोणीही नाही. बससुद्धा नाही! मी पहिला!

वॉचमनही जागेवर नाही. (त्यालाही सहलीला घेतलंय. मोठ्या मनाने.) पायरीवर बसून हे लिहितोय. आले की काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय. आवाज चढवायचा नाही. फक्त घड्याळाकडे बघायचं.

जरा वेळाने

ऊन पायरीवर आलं. रस्ता झाडणारी बाई येऊन गेली. मला म्हणाली, राहिलात का तुम्ही? तिला मोहिमेची काय कल्पना?

आणखी जरा वेळाने

शेवटी नियम मोडून फोन सुरू केला. सुरू होताच मेसेज धडाधडा पडायला लागले. मेव्हण्याला लावला. मागे बसचा आवाज, गाणी, गोंगाट. मी ओरडलो, कुठे आहात, मी केव्हाचा उभा आहे! पलीकडे कोणीतरी फोन ओढून घेतला. ग्रीस. अगदी माझ्या आवाजात म्हणाला, शांत उभे राहा, दारं ढकलू नका, माणूस निघालाय. अख्खी बस हसत होती. साहेबांचं हसणं मला वेगळं ओळखू आलं.

मग ग्रीसच जरा नरमला. म्हणाला, सहाला ड्रायव्हरने गाडी सुरू केली, आम्ही म्हटलं थांबू या, तुमचा फोन लागेना. पण वहिनी घड्याळ बघत होत्या. आणि मग त्याच म्हणाल्या, चला.

ही म्हणाली, चला!

नंतर हिच्या हातात फोन आला. रागावेल असं वाटलं होतं. हिने फक्त एवढंच विचारलं, भिंतीवरच्या घड्याळाला हात लावलास? मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तिन्ही बरोबर लावली. ही म्हणाली, लग्न झालं त्या महिन्यापासून मी ती पुढे ठेवलीयेत. तुला कळू न देता. आणि ऑफिसमधल्या मीटिंगा? त्या सगळ्या तुला अर्धा तास आधीच्या सांगतात. अकाउंटंट बाई आणि मी मिळून ठरवलंय.

मी पायरीवर बसलो. पहिली बस, मेव्हण्याची गाडी, ते वेळेआधी गेलेले ढग, सगळं एकदम आठवलं. बूटसुद्धा. उगाच आठवलं.

ही म्हणाली, परत फिरवायला सांगू का गाडी? ड्रायव्हर ऐकेल. आवाज अगदी साधा होता. पण ही साखरेचा डबा काढून परत ठेवते तेव्हा जशी असते तशी असणार, हे मला फोनमध्ये दिसत होतं. गाडी फिरली असती तर ढग गेले असते. म्हटलं, नियम म्हणजे नियम. बस कोणासाठीही थांबणार नाही. वाक्य ठसक्यात म्हणायचं होतं. तेवढं जमलं नाही.

दुपार, घरी

फोटो आला. ही कठड्यापाशी उभी आहे, माझं तपकिरी जाकीट घालून. खाली काठोकाठ ढग. कॅलेंडरच्या पानाशी ताडून बघितलं. तंतोतंत. फक्त कॅलेंडरमध्ये कोणी रडत नाहीये.

खूप बरं वाटलं. खूप वाईटही वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटतं हे माहीत नव्हतं.

स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ पुन्हा पंचवीस मिनिटं पुढे केलं. नवी सुरुवात. बस संध्याकाळी सातला गेटवर परत येणार. हिला आणायला जायचं आणि आधी जाऊन उभं राहायचं. एकदा तरी हिने येताना मला उभं असलेलं बघितलं पाहिजे.

संध्याकाळ

निघताना घड्याळ बघितलं. वेळ होता. मग आठवलं की घड्याळ पुढे आहे, म्हणजे त्याहूनही जास्त वेळ आहे. म्हणून दाढी केली. शर्ट बदलला. इस्त्री पण केली.

गेटवर पोहोचलो तर बस गेलेली, सगळे पांगलेले. दिव्याखाली पायरीवर ही एकटी बसली होती, सकाळी मी बसलो होतो त्याच पायरीवर. मांडीवर सँडविचचा रिकामा डबा. बूट काढून ठेवलेले, पाय चोळत होती.

विचारलं, बराच वेळ झाला का?

म्हणाली, नाही रे, आत्ताच आले.