दोन दात पुढं

मंगळवार, दिवेलागण

आज खरं ते लिहून टाकतो. बिरूअण्णांचा पाण्याचा जुना टँकर मी इंजिन खोलून पुन्हा बांधल्यावर चार दिवस माझ्या गॅरेजात नुसता उभा. बॅटरी बदलली, डिझेलच्या लाइनीतली हवा काढली. स्टार्टर मारला की इंजिन फिरायचं, पांढरा धूर सोडायचं आणि गप्प. मी डिझेल पंपाला दोष दिला, डिझेलला दिला.

दुपारी अण्णा जतहून आले. "मिस्त्री, वस्तीवरचं टाकं कोरडं पडलंय. दोन कोकरं गेली. कवा हुईल?" आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

ते बसले असतानाच इंजिनाचं पुढचं झाकण उघडलं. डिझेल पंपाचा गिअर दोन दात पुढं बसलेला, म्हणून डिझेल अवेळी सुटत होतं. दोन दात! गिअरवरच्या खुणा मीच जुळवल्या होत्या, बोटानं चाचपून. नीट दिसत नाही हे वर्षभर कुणाला सांगितलं का मी?

"अण्णा, गाडीची चूक न्हाई. मला खुणा दिसत न्हाईत."

अण्णा उठून गिअरवर वाकले. "मी बघून सांगतो, तुमी फिरवा."

तिसऱ्या स्टार्टरला इंजिन लागलं. अण्णा टँकर घेऊन गेले. दोन दातांपायी कोकरं गेली? नाही, माझ्या लपवण्यापायी.

नंतर एकजण इंजिन बांधायला ट्रक घेऊन आला. त्याला दुसऱ्या गॅरेजचा रस्ता दाखवला आणि घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "ताटातली मुंगी दिसंना झाली तुमाला, तवाच कळलं मला. तुमी कवा सांगताय, वाट बघत हुते."