जन्मजात गाठीची बालविभागातून सुटका होणेबाबत

प्रति,
मा. प्रशासकीय संचालक,
जिल्हा रुग्णालय, लिवादोखोरी.

विषय : जन्मजात गाठ असलेल्या त्रेसष्ट वर्षीय इसमास मोठ्या माणसांत धरून सुईची तपासणी तातडीने करणेबाबत.

संदर्भ : डॉ. ख्रिसावगी मेलिसिनू यांचा गेल्या मंगळवारचा सोनोग्राफी अहवाल.

महोदय,

मानवी कंठ हे परमेश्वराने घडविलेले आद्य व सर्वश्रेष्ठ वाद्य होय. माझ्या वाद्यात अक्रोडाएवढी गाठ आहे.

१. मी संत व्लासिओस यांच्या चर्चमध्ये उजव्या बाजूचा गायक आहे. सदर संत गळ्याची दुखणी बरी करतात, हे आपण जाणताच. गाठ जन्मापासूनची असून हनुवटीखाली बरोबर मध्यभागी आहे. मी सूर चढवला की तीही चढते. डावीकडचे गायक तिच्याकडे पाहूनच सूर धरतात, त्यामुळे आजवर तिच्याविषयी कोणाची तक्रार नव्हती. हिवाळ्यापासून मात्र ती वाढू लागली व सदऱ्याचे वरचे बटण लागेनासे झाले.

२. डॉ. मेलिसिनू यांनी यंत्र गळ्यावर फिरवून मला जीभ बाहेर काढावयास सांगितली. जिभेबरोबर गाठ वर सरकली, म्हणजे ती जन्मजात पिशवीच, अशी त्यांची खात्री झाली. अशा पिशवीत नुसते पाणी असते व पडद्यावर ते काळे दिसते. माझ्या पिशवीत आतल्या भिंतीला धरून एक भरीव कोंब आहे आणि त्यात मीठ सांडावे तसे पांढरे कण आहेत. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मास्तर, नुसतं पाणी असतं तर मी तुम्हाला घरी पाठवलं असतं. हे पाण्यातलं काहीतरी आहे. असा कोंब क्वचित कर्करोगाचा निघतो. याच आठवड्यात सुई घालून पेशी काढू, मग कळेल." एवढे बोलून त्यांनी यंत्र पुन्हा त्याच जागी धरले.

३. अहवालाच्या पहिल्या ओळीत 'जन्मजात' हा शब्द आहे. तेवढाच वाचून आपल्या कार्यालयाने माझे प्रकरण बालविभागाकडे पाठविले. मी खिडकीवर गेलो. तेथील श्रीमती दिमित्रूला म्हणाल्या, "जन्माबरोबर आलेलं सगळं मुलांकडे जातं. नियम मी केलेला नाही." मी माझे वय सांगितले. त्या म्हणाल्या, "मग इतकी वर्षं काय करत होतात?" मी गात होतो, असे उत्तर दिले. ते नोंदविले गेले नाही.

४. बालविभागाने मला ऑक्टोबरमधील तारीख दिली. जन्मापासूनचे दुखणे सहा महिने थांबू शकते, असे कारण कळविले. पिशवी थांबली असती, महोदय. कोंब जन्मापासूनचा नाही. सोबत सूचना आहे की मुलाला उपाशीपोटी आणावे, लसींचे पुस्तक आणावे आणि आईने हजर राहावे. माझ्या मातोश्री सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्या म्हणाल्या, "बोलावलंय तर येते. पण याला मांडीवर घ्या म्हणू नका, माझे गुडघे गेलेत."

५. पत्नी एवान्थिया हिने मध्यंतरी संतांच्या तसबिरीपुढे दुखऱ्या अवयवाच्या आकाराचा नवसाचा पत्रा टांगण्याचे ठरविले. दुकानात पाय, डोळे, हृदय असे सर्व पत्रे होते, गळा नव्हता. दुकानदार म्हणाला, "जन्मापासूनचं आहे ना? मग बाळ घेऊन जा." तिने बाळ आणून टांगले. अशा रीतीने बाळ म्हणून माझी पहिली नोंद आपल्याकडे नव्हे, चर्चमध्ये झाली आहे. कार्यालयाला एकट्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही.

६. घरी माझ्या गळ्याकडे आता कोणी पाहत नाही. बाईंनी सांगितल्यापासून एवान्थिया जेवणाच्या टेबलावर मीठ ठेवीत नाही. मी मागत नाही. पुढील महिन्यात गुड फ्रायडे आहे. त्या रात्रीचे विलापगीत मी म्हणावे की दुसऱ्याला शिकवून ठेवावे, असे पाद्री पापा-लेफ्तेरिस यांनी अत्यंत हळू आवाजात विचारले. ते एरवी हळू बोलत नाहीत. मला याचे उत्तर सुईकडून हवे आहे, ऑक्टोबरकडून नको.

७. तरी सुई याच आठवड्यात घालावी. विभाग बदलणे नियमात बसत नसल्यास मी बालविभागातही येईन. उपाशी येईन, मातोश्रींना आणीन, खाट आखूड असल्यास पाय दुमडीन.

फक्त एक विनंती. सुई घालण्यापूर्वी बाई पुन्हा जीभ बाहेर काढावयास सांगणार आहेत. मागील वेळी खोलीचे दार उघडे होते आणि समोरच्या बाकावर पापा-लेफ्तेरिस यांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांनी मला जीभ दाखविताना पाहिले व क्रूसाची खूण केली. बाकी निर्णय आपण घ्याल तो मान्य आहे. तेवढे दार लावून घ्यावे.

गळ्यासह आपला नम्र,
पोलिख्रोनिस वारदाकास

लिवादोखोरी, मोठ्या उपवासाचा तिसरा सोमवार

सोबत : सोनोग्राफी अहवालाची प्रत (दुसरी ओळही वाचावी). लसींचे पुस्तक सापडले नाही.