जांगडावरची अंगठी

अप्पा, मागच्या आठवड्यात नांदेडच्या आमच्या घरी कुरिअरवाला एक हिऱ्याची अंगठी देऊन गेला. हेल्मेटही न काढता त्यानं आकडा विचारला, तुमच्या नातीनं मोबाइलमधून तो वाचून दाखवला, आणि झाला व्यवहार. ना चहा, ना घरच्यांची खुशाली. हिरा तिनं आधीच फोनवर बोटानं गरागरा फिरवून पाहिला होता. सोबत प्रमाणपत्र आलं, आणि दगडाच्या कडेवर नुसत्या डोळ्यांना न दिसणारा नंबर कोरलाय म्हणे. पुढच्या महिन्यात तिचा साखरपुडा आहे. मी आपलं सुचवून पाहिलं होतं की लातूरला सराफ लाइनीत तुमच्यासारखे हिऱ्यांचे एकदोन दलाल अजून आहेत, त्यांना विचारू. ती म्हणाली, "बाबा, दलाल नेमका कोणाच्या बाजूचा असतो?" मी जन्मभर संस्कृत शिकवलं, दलाली नाही. याचं उत्तर तुमचं तयार असायचं. घेणाऱ्याच्या न्हाई, देणाऱ्याच्या न्हाई, दलाल दगडाच्या बाजूचा असतो, असं तुम्ही म्हणायचात.

तुमची नात लातूरच्या एका शिकवणी वर्गात रसायनशास्त्र शिकवते; साखरपुड्यासाठी रजा घेऊन इथं आलीय. हिरा म्हणजे कोळशाचा शिकलेला भाऊ, असं मुलांना सांगते. आपल्या गल्लीत आता दर दोन दारांआड वसतिगृहाची नाहीतर मेसची पाटी आहे. तुम्ही ज्या उत्तरेच्या खिडकीत बसून हिऱ्यांची पुडी उघडायचात, त्या खोलीत भाडेकरूनं अभ्यासिका काढलीय. पन्नासेक पोरं माना खाली घालून बसलेली असतात. तुमच्यानंतर त्या खोलीत इतक्या बारकाईनं कोणी काही पाहत असेल तर तीच.

अंगठीच्या डबीत एक चिठ्ठी होती. तीस दिवसांत कारण न सांगता परत करता येईल. तुमची नात मला ही मोठी नवलाई समजावून सांगत होती आणि मी मान डोलावत होतो. मनात म्हटलं, हे तर आमच्या अप्पांचं जांगड. माल घरी न्या, आठ दिवस ठेवा, लाभला तर ठेवून घ्या, नाहीतर आणून द्या. कारण तुम्हीही कधी विचारलं नाही. ते तुम्हाला ठाऊकच असायचं. कोणाचा दाल मिलचा पट्टा तुटलेला, कोणाची म्हैस आटलेली, कोणाच्या सासूला ताप. हिरा घरात आल्यावर काही वाकडं झालं की तो लाभत नाही, एवढं सगळ्या लातूरला पाठ. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलेलो, अंगात पाठशाळेचा ताठा. तुम्हाला काकतालीय न्याय समजावला होता. कावळा फांदीवर बसायला आणि ताडाचं फळ पडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्यानं फळ पाडलं असं होत नाही. तुम्ही पुडीची घडी घालता घालता म्हणालात, "हे गिऱ्हाइकाला सांग. मला कावळ्याचंबी ऐकावं लागतं आन फळाचंबी."

त्याच वर्षी माझी सोयरीक चाकूरला जमली. तुम्ही हैदराबादेहून सुनेसाठी हिऱ्याची अंगठी आणलीत, आणि स्वतःच्या घरात असूनही रीतीप्रमाणे जांगडावरच ठेवलीत. आठ दिवस देवघरात. मला हसू आलं होतं. सबंध बाजाराला हिरे घालणाऱ्या माणसाच्या घरात पहिल्यांदा घरचा म्हणून हिरा आला होता, आणि तुम्ही दोनदा देवघरापाशी जाऊन तोंडाची वाफ सोडून तो पारखून आला होतात. चौथ्या दिवशी पहाटे भूकंप झाला.

आपल्या घराची मागची भिंत तडकली, बाकी कोणाला काही झालं नाही. दक्षिणेकडच्या गावांचं जे झालं ते तुम्ही पाहून आलात. दाल मिलच्या ट्रकमधून तांदूळ घेऊन गेलात, तिसऱ्या दिवशी परतलात आणि त्याबद्दल कधी बोलला नाहीत. परतलात तर ओसरीवर गिऱ्हाइकं बसलेली. जांगडावर गेलेला एकूण एक हिरा त्या आठवड्यात परत आला. तुम्ही प्रत्येकाची पुडी घेत होतात, खिडकीत धरून बघत होतात, बंडीच्या खिशात टाकत होतात. मी दारात उभा आहे, शेवटचं गिऱ्हाईक उठून गेलं आहे, आणि मी तुम्हाला सांगतो आहे की चाकूरच्या मंडळींचा निरोप आलाय, त्यांना ती अंगठी नको. तुम्ही बंडीच्या खिशातल्या पुड्या चाचपता. मग म्हणता, "हिऱ्याला जमीन हलवता आली असती, तर म्या दलाली कशाला करत बसलो असतो रे?" आणि उठून देवघरातली डबी घेता.

चाकूरहून निरोप आला नव्हता. मला वाटलं होतं, परत केली तर काय बिघडतं? ताडाच्या झाडाखाली उभं राहिल्यावर न्याय आठवत नाही, अप्पा. आपलं फळ आणि आपलंच डोकं.

साखरपुड्याला तुम्ही सुनेसाठी साधी सोन्याची अंगठी आणलीत. मांडवात सराफ लाइनीतले तुमचे चारपाच सोबती होते. त्यांच्यादेखत माझ्या सासऱ्यांनी भाबडेपणानं विचारलं की हिऱ्याची घालणार असं ऐकलं होतं, आम्हीही हौसेनं वाट बघत होतो. तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. एकदाच. मग त्यांना म्हणालात, "दगडात दोष निघाला, पाव्हणं."

मी दलालाचा मुलगा आहे. दलालानं चार सराफांसमोर आपल्या मालाबद्दल असं बोलणं म्हणजे काय, ते मला समजत होतं. पुढं दिवाळीत त्यातले दोघं तुमच्याकडून माल न घेता परस्पर हैदराबादला गेले, तेही समजत होतं. त्यानंतर तुम्ही जाईपर्यंत दहा वर्षं आपण भेटत होतो; शेती, पाणी, माझी बदली, सगळं बोललो. हे सोडून.

परवा सकाळी इथं पुन्हा जमीन हलली. फार नाही, मांडणीवरची भांडी वाजली, शेजारचे लोक रस्त्यावर उभं राहून फोन करत राहिले, मग आत गेले. दुपारी उदगीरहून मुलीच्या होणाऱ्या सासूबाईंचा फोन आला. अंगठी घरात आल्याबरोबर हे झालं, परत करायची सोय आहे ना, मग करून टाका. मी जे खोटं रचलं होतं ते या बाईंनी खरं करून दाखवलं. तुमची नात फोन ठेवून माझ्याजवळ येऊन बसली. कोळशाच्या भावाला भूकंप करता येत नाही हे ती दिवसातून तीन बॅचला शिकवू शकेल. पण बोटातली अंगठी पुढंमागं करत म्हणाली, "माझा नाही विश्वास. पण बाबा, परत केली तर काय बिघडतं?"

मी तिला तुमचं वाक्य सांगितलं. जसंच्या तसं, "म्या"सकट. ती हसली. मग उदगीरला स्वतः फोन लावून तेच सासूबाईंना ऐकवलं. पलीकडं त्याही हसल्या असाव्यात, कारण बोलणं जेवणाच्या पदार्थांवर गेलं. अंगठी राहिली. आजोबांनी हे कोणाला म्हटलं होतं, असं तिनं नंतर विचारलं.

असंच एका गिऱ्हाइकाला, मी म्हणालो.

ही पानं तुमच्या पुडीसारखी घडी घालून ठेवावीत म्हणून मघापासून खटपट करतोय. दोन घड्या आडव्या, मग उभ्या, मग टोक आत. तुम्ही दहादा दाखवली होतीत. शेवटचं टोक काही आत जाईना.