आठ तीन आणि शेवटी एक

सोमवार, ४. सकाळी १०.२०
३३३३३३३३१ ही मूळ संख्या आहे. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच तिला भाग जात नाही. दुजोरा: मी स्वतः.
पुरावा: ३१ मूळ. ३३१ मूळ. ३३३१ मूळ. असं पुढे एकेक तीन वाढवत सात तीन आणि एकपर्यंत, सातच्या सात मूळ. ही आठवी. सात भावंडं सरळ निघाल्यावर आठव्यावर संशय घेणं बरं दिसत नाही.

मंगळवार, ५
सातवीला ५७७३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं होतं. तीन आठवडे, स्टोअरच्या काउंटरवर. त्यात एकदा बेअरिंगऐवजी वॉशर गेले. साहेब बोलले. संशोधनात हे चालायचंच.
आठवीत नऊ आकडे. ऑफिसच्या कॅल्क्युलेटरवर आठच मावतात. तेव्हा भागायचा प्रश्न मिटला.

बुधवार, ६
रविवारी साडूभाऊंच्या क्लासचं उद्घाटन. गणिताचे रिटायर्ड मास्तर. बावीस वर्षं चारचौघांत मला 'हातचा-विसरे' म्हणतात. एकदा तरी त्यांनी मला नावाने हाक मारावी, एवढंच.
पितळी पाटी देणार. वर संख्या, खाली 'मूळ संख्या', त्याखाली माझं नाव. बायको म्हणाली, पेन द्या, पेन चुकत नाही. दुर्लक्ष केलं.

गुरुवार, ७
पाटीवाल्याने विचारलं, फोन नंबर आहे का, एक आकडा राहिलाय. अडाणी माणूस. खोल कोरायला सांगितलं.

शनिवार, ९. दुपारी
खबरदारी म्हणून कागदावर भागायला बसलो. २, ३, ५, ७, ११, १३. कशानेच जात नाही. मनगट दुखायला लागलं. कल स्पष्ट आहे. थांबलो.

रविवार, १०. संध्याकाळी
पाटी दिली. तीसेक माणसं होती. साडूभाऊंनी चष्मा लावला, खडू घेतला आणि सगळ्यांसमोर फळ्यावर भागाकार मांडला. १९६०७८४३. बाकी शून्य.
"विसरे, सतराने जातेय की हो ही."
मी म्हटलं, सतरा हा अपवाद धरावा. लोक बराच वेळ हसले. बायकोसुद्धा.
मात्र साडूभाऊंनी पाटी फळ्याच्या वर ठोकून घेतली. म्हणाले, सातदा खरं ठरलं म्हणून आठव्यांदा ठरेलच असं नाही, हे पोरांना शिकवायला असं साधन शोधूनही मिळालं नसतं. थोडक्यात, त्यांचा क्लास माझ्या संशोधनावर उभा आहे.

सोमवार, ११. दुपारी ४
साडूभाऊंचा फोन, बायकोच्या मोबाइलवर. उद्या सहाला सातवीच्या पोरांची पहिली बॅच. मला पहिल्या बाकावर जागा ठेवली आहे. प्रमुख पाहुणा म्हणूनच असणार. येताना चौकटीची वही आणि पेन्सिल आणायला सांगितलंय. पाहुण्याला वही कशाला, ते उद्या कळेल.